राणी एस्तेरची दुसरी खेप

कोकणातून पुण्यात आलेल्या आम्हा बेने इस्रायली यहुद्यांच्या जुन्या बोलीत सणांची नावं मराठी होती. हिब्रू वर्षाचा आरंभ म्हणजे ‘नव्याचा सण’. यॉम किप्पूर, प्रायश्चित्ताच्या मोठ्या उपवासाचा दिवस, म्हणजे ‘दारफाळणीचा सण’. त्या दिवशी घराची दारं लावून घेत. जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या दुखवट्याचा दिवस म्हणजे ‘बिरड्याचा सण’, कारण त्या दिवशी ताटात वालाचं बिरडं असे. आणि राणी एस्तेरनं आपली माणसं वाचवली त्या आनंदाचा दिवस, ज्याला जगभरचे यहुदी पुरीम म्हणतात, तो आमचा ‘होळीचा सण’. हयीम सॅम्युएल केहिमकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आमच्या समाजाचा मोठा इतिहास लिहिला, त्यात ही नावं नोंदलेली आहेत. माझ्या आजीच्या तोंडी ती रोजची होती.

होळीचं नाव का, हे पंचांग पाहिलं की कळतं. हिब्रू पंचांग आणि आपलं पंचांग दोन्ही चंद्राच्या महिन्यांवर चालतात, आणि ऋतूंशी मेळ सुटू नये म्हणून दोन्हींत साधारण १९ वर्षांत ७ अधिक महिने घालावे लागतात. पुरीम येतो अदार महिन्याच्या चौदाव्या दिवशी, म्हणजे पौर्णिमेच्या तोंडावर. बहुतेक वर्षी ती फाल्गुनाचीच पौर्णिमा असते. २०२५ साली धुळवड आणि पुरीम दोन्ही १४ मार्चलाच होते. अधिक महिना पुढेमागे पडला की दोघांत महिन्याचं अंतर पडतं. २०२१ साली पुरीम फेब्रुवारीच्या अखेरीस झाला आणि होळी मार्चच्या अखेरीस. पण गावात होळी पेटते त्याच सुमारास आपल्या घरी गोडधोड होतं, हे ज्या माणसांनी शतकानुशतकं पाहिलं, त्यांनी शेजाऱ्याच्या सणाचं नाव आपल्या सणाला दिलं.

मी रास्ता पेठेत वाढले आणि पुढे अनेक वर्षं शाळेत इतिहास शिकवला. एस्तेरची गोष्ट मी आधी आजीकडून ऐकली, मग मराठी पवित्र शास्त्रात वाचली, मग इतिहासाच्या नजरेनं तपासली. तिन्ही वेळा तिच्यात एक जागा मला अडवून धरत आली आहे. त्या जागेबद्दल, आणि पुण्यात तिचा काय अर्थ होतो याबद्दल, हे लिहिते आहे.

गोष्ट घडते शूशन राजधानीत, आजच्या इराणात. राजा अहश्वेरोश हिंदुस्थानपासून आफ्रिकेतल्या कूश देशापर्यंत १२७ प्रांतांवर राज्य करतो आहे. बायबलात हिंदुस्थानचा नावानिशी उल्लेख येतो तो याच ग्रंथात, आणि तोही दोनदा. अभ्यासक बहुधा या राजाला इराणचा सम्राट झर्क्सिस मानतात, जो इ.स.पू. ४८६ ते ४६५ या काळात गादीवर होता. त्याचा बाप दारयावहु यानं शूशनमध्ये राजवाडा बांधला, तेव्हा हस्तिदंत सिंधूकाठच्या प्रदेशातून आणि कूशमधून आणवल्याचं त्याच्या शिलालेखात कोरलेलं आहे. म्हणजे ग्रंथातला साम्राज्याचा नकाशा खरा आहे. एस्तेर राणीबद्दल मात्र असं म्हणता येत नाही. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस झर्क्सिसच्या राणीचं नाव वेगळंच देतो, आणि एस्तेरचा ग्रंथ म्हणजे इतिहासाच्या पार्श्वभूमीवर रचलेली कथा आहे असं बरेच अभ्यासक मानतात. मला त्यानं बाधा येत नाही. दोन हजारांहून अधिक वर्षं माणसं जी गोष्ट दरसाल मोठ्यानं वाचतात, तिनं त्या माणसांना काय शिकवलं, हाही इतिहासच आहे.

राजा १८० दिवस आपलं वैभव मिरवतो, मग सात दिवस मेजवानी देतो, आणि दारूच्या भरात वश्ती राणीला हुकूम सोडतो की तिनं मुकुट घालून यावं आणि लोकांना आपलं रूप दाखवावं. वश्ती नकार देते. दरबारी घाबरतात; ही वार्ता पसरली तर घरोघरच्या बायका नवऱ्यांचं ऐकणार नाहीत. वश्तीचं राणीपद जातं, आणि प्रत्येक पुरुषानं आपल्या घरात सत्ता चालवावी असा फतवा १२७ प्रांतांत निघतो. आजी वश्तीवर फार थांबत नसे. मी वर्गात मुलींना ही गोष्ट सांगितली तेव्हा वश्तीपासून सुरुवात केली. एस्तेर ज्या महालात शिरते, तिथे नाही म्हणणाऱ्या बाईचं काय होतं हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. हे लक्षात घेतल्याशिवाय तिचं धैर्य मोजता येत नाही.

एस्तेर ही आईबाप नसलेली मुलगी. चुलतभाऊ मर्दखय यानं तिला वाढवलेलं. देशोदेशीच्या मुली गोळा करून राजवाड्यात नेल्या, त्यांत तीही गेली. जाण्यात तिची मर्जी कोणी विचारली नाही. वर्षभर उटणी आणि सुगंधी तेलं लावून तिला राजापुढे उभं केलं आणि ती राणी झाली. आपण कोणत्या लोकांतल्या, हे तिनं मर्दखयच्या सांगण्यावरून लपवून ठेवलं. पुढे हामान नावाचा प्रधान सत्तेवर चढला. मर्दखय त्याच्यापुढे वाकेना. एका माणसाचा राग हामाननं त्याच्या सगळ्या लोकांवर काढायचं ठरवलं. चिठ्ठ्या टाकून दिवस काढला, अदारचा तेरावा. राजाला दहा हजार किक्कार वजनाच्या चांदीचं आमिष दाखवलं आणि साम्राज्यातल्या सगळ्या यहुद्यांना, लहानथोर, बायकामुलांसकट एका दिवसात मारण्याचा हुकूम राजमुद्रा उठवून रवाना केला.

इथून पुढे ग्रंथ एस्तेरचं मन फार बारकाईनं दाखवतो. मर्दखय गोणपाट नेसून, अंगाला राख फासून राजवाड्याच्या वेशीबाहेर रडतो आहे असं तिला कळतं. ती पहिल्यांदा काय करते? त्याच्यासाठी चांगले कपडे पाठवते. दुःख डोळ्याआड व्हावं, आपल्या माणसानं चारचौघांत शोभा करू नये, ही सुखात बसलेल्या माणसाची पहिली हालचाल. मर्दखय कपडे परत पाठवतो, हुकुमाची नक्कल पाठवतो आणि राजाकडे जाऊन विनवणी कर असं सांगतो. तेव्हा ती म्हणते की बोलावल्याशिवाय आतल्या चौकात जाणाऱ्याला देहान्त शिक्षा आहे, राजानं सोन्याचा दंड पुढे केला तरच जीव वाचतो, आणि मला तर तीस दिवसांत बोलावणं आलेलं नाही. त्यावर मर्दखयचा निरोप येतो. त्याचा मतितार्थ असा: राजवाड्यात आहेस म्हणून तू एकटी वाचशील असं समजू नकोस, आणि कुणी सांगावं, तुला हे पद मिळालं ते कदाचित याच वेळेसाठी असेल.

एस्तेर उत्तर देते ते हुकमाच्या भाषेत. शूशनमधल्या सगळ्या यहुद्यांनी तीन दिवस, रात्रंदिवस, माझ्यासाठी उपास करावा. मी आणि माझ्या दासीही करू. मग मी जाईन, मेले तर मेले. आजवर जिला इतरांनी उचलून इकडून तिकडे ठेवलं, ती इथे पहिल्यांदा सांगते आणि मर्दखय ऐकतो. आणि ती एकटीनं मोठेपणा घ्यायला निघत नाही. आधी सगळ्यांना आपल्याबरोबर उपाशी राहायला सांगते.

पुढचं सर्वांना ठाऊक आहे. ती जाते, दंड पुढे होतो, ती राजाला आणि हामानला दोन दिवस मेजवानी देते, दुसऱ्या मेजवानीत आपली ओळख उघड करते, आणि मर्दखयसाठी उभारलेल्या पन्नास हात उंच खांबावर हामानच लटकतो. पुष्कळदा गोष्ट सांगणारे इथे थांबतात. लहान मुलांच्या पुस्तकांतून तर गोष्ट इथेच संपते.

आजी इथे थांबत नसे. हामान मेला, पण त्याचा हुकूम जिवंत होता, कारण राजमुद्रेनं निघालेला हुकूम रद्द होत नाही असा त्या देशाचा कायदा. एस्तेर मात्र वाचली होती. राजा तिच्या शब्दात होता, हामानचं घरदार तिला बक्षीस मिळालं होतं, मर्दखयच्या बोटात राजाची अंगठी आली होती. राजवाड्यातल्या दोघांचं भलं झालं होतं. आणि तरी आठव्या अध्यायात ती पुन्हा राजापुढे जाते, त्याच्या पायांवर पडते, रडते, आणि राजाला पुन्हा एकदा तो सोन्याचा दंड पुढे करावा लागतो. या वेळी ती स्वतःसाठी काही मागत नाही. आपल्या लोकांचा नाश मी कशी पाहू, एवढंच तिचं म्हणणं.

आजी सांगायची, “पहिल्यांदा गेली ती जिवाच्या भीतीनं गेली गं. सगळी मरणार, त्यात तीही आली. दुसऱ्यांदा गेली, तेव्हा तिला काही कमी नव्हतं. तेव्हा ती राणी झाली.” एस्तेरच्या चरित्रातून एकच धडा घ्यायचा असेल तर मी हा घेते. स्वतःची सुटका झाल्यावर जी दुसरी खेप माणूस घालतो, तिच्यात त्याचं मोठेपण दिसतं.

हा धडा पुण्यातल्या बेने इस्रायलींना इतरांहून जास्त लागू पडतो, असं मला इतिहास शिकवताना जाणवत गेलं. पुरीम हा संहारातून वाचल्याचा सण. युरोपातल्या आणि अरबी मुलखांतल्या यहुद्यांना हामान ओळखीचा होता. दर पिढीत कुठे ना कुठे तो भेटत होता. आम्हाला तो इथे भेटला नाही. कोकणच्या किनाऱ्यावर नवगावजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांचे आम्ही वंशज, अशी आमची परंपरा सांगते. त्यांचे ग्रंथ समुद्रात गेले. ते तेलाचे घाणे चालवू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागलं. गावांच्या नावांवरून आडनावं पडली: दिवेकर, केहिमकर, पेणकर, अष्टमकर. शनिवारी काम न करण्याबद्दल गावानं त्यांना कधी मारलं नाही. धर्मामुळे छळ होत नाही असा देश यहुद्यांच्या इतिहासात दुर्मिळ आहे, आणि तो आमच्या वाट्याला आला.

म्हणजे आम्ही जन्मानंच राजवाड्यात बसलेले. मग एस्तेरनं आम्हाला काय सांगावं?

एक घटना आमच्या समाजात पिढ्यानपिढ्या सांगतात. सामाजी हसाजी दिवेकर हे ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत अधिकारी होते. अठराव्या शतकातल्या म्हैसूरच्या लढाईत ते टिपूच्या हाती सापडले. कैद्यांची जातपात विचारली तेव्हा त्यांनी आपण बेने इस्रायल असल्याचं सांगितलं. टिपूच्या आईच्या कानावर ते गेलं. या लोकांचा उल्लेख तिनं कुराणात ऐकला होता, पण असा माणूस कधी पाहिला नव्हता. तिनं मुलाकडे शब्द टाकला आणि कैद्यांचे जीव वाचले. मुंबईला परतल्यावर सामाजींनी १७९६ साली कृतज्ञतेनं प्रार्थनालय बांधलं, ‘शआर हारहामीम’, म्हणजे दयेचं द्वार. भारतातल्या बेने इस्रायलींचं ते पहिलं प्रार्थनालय. आमची जुनी माणसं प्रार्थनालयाला मशीदच म्हणत. मस्जिद बंदरचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात.

या कथेत एस्तेर आमच्यातली नाही. ती एक मुसलमान राजमाता आहे. तिच्यावर काही संकट नव्हतं, कैद्यांशी नातं नव्हतं, बोलली नसती तर तिला कुणी विचारलं नसतं. आमच्या समाजाच्या आठवणीत राणीनं प्राण वाचवल्याची जी गोष्ट याच मातीतली आहे, तिच्यातली राणी दुसऱ्या धर्माची आहे, हे मी माझ्या नातवंडांना आवर्जून सांगते. दुसरी खेप आपल्याच माणसांसाठी घालायची असते असा नियम नाही.

पुण्यात आमची माणसं आली ती बरीचशी फौजेबरोबर. १८१८ च्या सुमारास इथे छावणी वसली, आणि कंपनीच्या देशी पलटणींत बेने इस्रायली सुभेदार, जमादार होतेच. नंतर रेल्वे, पोस्ट, सरकारी कचेऱ्या, इस्पितळं इथे नोकऱ्या मिळाल्या. वस्ती झाली रास्ता पेठेच्या आसपास, छावणी आणि गाव यांच्या मध्ये. त्याच काळात पुण्याला दुसरे यहुदी आले ते बगदादी. डेव्हिड ससून १८३२ साली बगदादहून बुशहरमार्गे मुंबईत आले, व्यापारात फार मोठे झाले, आणि पुण्यात त्यांनी इस्पितळाला देणगी दिली आणि छावणीत प्रार्थनालय बांधायला घेतलं. हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स हा त्याचा वास्तुकार. ते पुरं व्हायच्या आधी १८६४ साली ससून पुण्यातच वारले; त्यांची समाधी आवारात आहे. १८६७ साली ‘ओहेल डेव्हिड’ उघडलं. लाल विटांचं, गॉथिक घाटाचं, नव्वद फूट उंच मनोऱ्याचं. पुणेकरांनी त्याला नाव दिलं लाल देऊळ. बेने इस्रायलींनी रास्ता पेठेत स्वतःचं ‘सुक्कथ शेलोमो’ बांधलं ते १९२१ साली.

एस्तेरचा ग्रंथ आमच्या हाती उशिरा आला. कोकणात असताना शेमा ही एक प्रार्थना, सुंता, शनिवारचा शब्बाथ, उपास आणि सण एवढंच टिकलं होतं. सण माहीत होते. त्यामागचे ग्रंथ वाचणारं कुणी नव्हतं. एकोणिसाव्या शतकात कोचीनहून यहुदी शिक्षक आले. मिशनऱ्यांच्या शाळांत आमची मुलं हिब्रू आणि मराठी लिहायला-वाचायला शिकली, आणि मराठी बायबल हाती पडलं. पण माणसं धर्मांतराकडे वळली नाहीत. शिकलेल्यांनी आपले ग्रंथ स्वतः मराठीत आणले. १८७४ साली पुण्यात छापलेली हग्गादा, म्हणजे वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची पोथी, त्यांपैकी एक. हिब्रू आणि मराठी शेजारीशेजारी, आणि चित्रात नऊवारी नेसलेल्या बायका मांडी घालून बेखमीर भाकऱ्या करत बसलेल्या. १८८० च्या सुमारास मुंबईत हरिदासांचं पाहून बायबलमधल्या आख्यानांवर मराठी कीर्तनं सुरू झाली. ज्यांना वाचता येत नव्हतं त्या बायकांपर्यंत पूर्वजांच्या कथा त्या कीर्तनांतून पोचल्या. माझी आजी त्याच पिढीच्या मांडीवर वाढली. एस्तेरच्या ग्रंथातच लिहिलं आहे की तिच्या बाजूचं फर्मान प्रत्येक प्रांताला त्याच्या लिपीत आणि प्रत्येक लोकांना त्यांच्या भाषेत गेलं. मराठीत ते पोचायला बराच काळ लागला, पण पोचलं.

त्या ग्रंथावरून आणि परंपरेनं सण साजरा करायची रीतही ठरलेली आहे. आदल्या दिवशी उपास, आमच्याकडे त्याला एस्तेरचा रोजा म्हणत. संध्याकाळी आणि पुन्हा सकाळी मेगिल्ला, म्हणजे चामड्याच्या गुंडाळीवर लिहिलेला एस्तेरचा ग्रंथ, पूर्ण वाचायचा. हामानचं नाव आलं की पोरांनी पाय आपटायचे, जे हातात असेल ते बडवायचं. मग जेवण. आणि त्याखेरीज दोन कामं जी चुकवायची नाहीत: एकमेकांकडे खाण्याची ताटं पाठवणं आणि गरिबांना दान देणं. ताट ओळखीच्यांना, दान अनोळख्यांना. ज्या आनंदात दुसऱ्याचा वाटा काढला नाही, तो पुरीम झाला असं धर्म मानत नाही.

आमच्या घरी करंज्या आणि पुरणाच्या पोळ्या होत. पोळीबरोबर नारळाचं दूध, कारण जेवणात मटण असलं की गाईचं दूध चालत नाही. ताटं वाड्यातल्या प्रत्येक बिऱ्हाडात जात, आणि होळीचा नैवेद्य आमच्याकडे येई. शेजारच्या काकू आमच्यासाठी वेगळ्या कढईत तळत, आपण होऊन. पानशेत धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटलं आणि नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. त्यानंतरच्या होळीच्या सणाला आईनं ताटं कमी केली आणि दानाचा वाटा वाढवला. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगरात अर्धगोल निसेन हट उभारल्या होत्या, तिथे ती आणि काकू डबे घेऊन गेल्या. आमचं घर पुराच्या पाण्यापासून लांब होतं. आमचं भांडंसुद्धा भिजलं नव्हतं. आई म्हणाली, “आपलं वाचलं म्हणूनच जायचं.” आजीची एस्तेर मला त्या दिवशी कळली.

पुण्यातल्या बायकांच्या इतिहासात ही दुसरी खेप मला वारंवार दिसते. १८८२ साली शिक्षणाची पाहणी करणारा हंटर आयोग पुण्यात आला, तेव्हा पंडिता रमाबाई त्याच्यापुढे साक्षीला उभ्या राहिल्या. वय चोविशीचं, अलीकडेच वैधव्य आलेलं, घरदार नाही. त्यांनी मागितलं ते मुलींसाठी शिक्षिका आणि बायकांसाठी स्त्री डॉक्टर. पुढे परदेशात मान मिळाला, मदत मिळाली, आणि त्या परत आल्या. शारदासदन मुंबईहून १८९० साली पुण्यात आणलं, १८९६ च्या दुष्काळात उपाशी मुली गोळा करून केडगावला नेल्या. आयुष्याच्या अखेरीस हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सगळं बायबल मराठीत आणलं. केडगावच्या छापखान्यात त्याचे खिळे बायकांनी जुळवले. १९२२ साली रमाबाई गेल्या, ग्रंथ त्यानंतर छापून पुरा झाला. एस्तेरची गोष्ट मराठीत एका बाईनं मूळ हिब्रूवरून लिहिली, आणि बायकांनी छापली, ती पुण्याच्या परिसरात.

माझ्या समाजातल्या दोन मुलींची नावं इथे घ्यायलाच हवीत. रानडे, भांडारकर, मोडक, पंडित या मंडळींनी १८८४ साली मुलींची शाळा काढली, ती हुजूरपागा. त्या शाळेत रिबेका रूबेन शिकली आणि १९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला पहिली आली. इतकं शिकलेल्या मुलीला तेव्हा कुठेही मानानं राहता आलं असतं. ती मुंबईत आमच्या समाजाच्या शाळेची मुख्याध्यापिका झाली आणि १९२२ पासून १९५० पर्यंत गरीब घरांतल्या मुलांना शिकवत राहिली. जेरुशा झिराड हीही हुजूरपागेतलीच. ती डॉक्टर झाली, लंडनची एम. डी. १९१९ साली घेऊन परतली आणि मुंबईच्या कामा इस्पितळाची प्रमुख झाली. तिनं मुंबईतल्या बाळंतिणींच्या मृत्यूंची पाहणी केली, कोणती बाई कशानं गेली हे एकेक करून तपासलं, म्हणजे पुढची वाचावी. १९६६ साली तिला पद्मश्री मिळाली. राजवाड्यात पोचल्यावर या दोघी पुन्हा वेशीकडे गेल्या, हे मला त्यांच्या पदव्यांहून मोठं वाटतं.

आता एस्तेरच्या ग्रंथातला अवघड भाग. दुसऱ्या खेपेत तिला जे मिळतं ते असं: जुना हुकूम रद्द होत नाही, पण यहुद्यांनी एकत्र येऊन आपला जीव राखावा असा नवा हुकूम निघतो. अदारच्या तेराव्या दिवशी लढाई होते. शूशनमध्ये ५०० माणसं मरतात, हामानचे दहा मुलगे मरतात, एस्तेर आणखी एक दिवस मागून घेते आणि आणखी ३०० मरतात, आणि प्रांतांतून ७५,००० शत्रू मारले गेल्याचा आकडा ग्रंथ देतो. लुटीला मात्र हात लावला नाही, हे तीनदा सांगतो.

मी हा नववा अध्याय कधी गाळला नाही आणि त्यावर कधी टाळ्याही वाजवल्या नाहीत. वाचवायला निघालेल्याच्या हाती तलवार आली की ती कुठे थांबवायची, हा प्रश्न ग्रंथानं आपल्यासमोर ठेवला आहे. तो आपण सोडवायचा आहे. आमच्या जुन्या पंडितांना तो प्रश्न बोचला असावा. हामानच्या दहा मुलांची नावं वाचणाऱ्यानं एका श्वासात म्हणायची अशी रीत आहे, आणि शत्रूच्या मरणावर रेंगाळून आनंद करू नये म्हणून ती पडली असा अर्थ लावणारेही आहेत. या ग्रंथात देवाचं नाव एकदाही येत नाही. जे काही बरंवाईट होतं ते माणसांच्या हातून होतं आणि त्याचा जाब माणसांनी द्यायचा असतो. ज्यांच्या हाती आज सत्ता आणि शस्त्र आहे, त्यांनी, आमच्या लोकांनीही, हा अध्याय सगळ्यात सावकाश वाचावा. एस्तेर पाया पडून रडली ती माणसं जगावीत म्हणून, हे विसरलं तर तिची दुसरी खेप हामानच्याच वाटेनं जाते.

१९४८ नंतर आमची बहुतेक माणसं इस्रायलला गेली. कुणी त्यांना हाकललं नाही. आपल्या धर्मभूमीच्या ओढीनं गेली. लोद, अश्दोद, दिमोना इथे अजून मराठी बोललं जातं. भारतात एके काळी वीस हजारांवर असलेले बेने इस्रायली आता काही हजारच उरले आहेत. बगदादी कुटुंबंही पुणं सोडून गेली. एके काळी ते आम्हाला आपल्या बरोबरीचे मानत नसत. आज लाल देवळात प्रार्थनेला उभे राहणारे बहुतेक बेने इस्रायलीच आहेत. २०१६ साली महाराष्ट्र सरकारनं यहुद्यांना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला. देवळाच्या फाटकावर आता पोलीस असतात, कारण जगातले हामान दूरवर पोचू लागले आहेत. पुरीमच्या संध्याकाळी प्रार्थनेला दहा पुरुषांची संख्या पुरी व्हायची वाट पाहावी लागते.

तरी मेगिल्ला वाचली जाते, आणि माझ्या घरून ताटं जातात. वाड्याच्या जागी इमारत झाली आहे, शेजारी बदलले आहेत, काहींना मी कोण हे सांगावं लागतं. मी सांगते. आमच्यासारख्या मूठभर लोकांना या शहरानं राहू दिलं, शिकू दिलं, आपले सण आपल्या नावानं करू दिले. ज्याला एवढी सुरक्षितता फुकट मिळाली, त्यानं ती आपल्यापुरती ठेवणं एस्तेरच्या गोष्टीत बसत नाही. पुण्यात आजही कुणाला जातीवरून, कुणाला धर्मावरून, कुणाला भाषेवरून घर नाकारलं जातं. तो हुकूम आपल्या नावाचा नसतो, म्हणून आपण वेशीवर रडणाऱ्याला चांगले कपडे पाठवून मोकळे होतो. एस्तेरनं ते कपडे परत आले तेव्हा हुकूम वाचला, तीन दिवस उपाशी राहिली आणि गेली. आणि स्वतः वाचल्यावर पुन्हा गेली. होळीचा सण ज्यांना आपला म्हणायचा आहे, त्यांनी ताटं वाटून झाल्यावर एवढं विचारावं, की या वर्षी दुसरी खेप कुणासाठी घालायची आहे, आणि मग ती घालावी.